तरुण वयातील सायनस नोडचा विकार आणि घराण्यातील अकस्मात मृत्यू: यांचा संबंध असू शकतो का?

कोयनाकाठ

माझ्या धाकट्या भावाचे वय 34 आहे. काही महिन्यांपासून त्याच्या डोळ्यांपुढे अधूनमधून अंधारी येत असे, आणि एकदा कचेरीत उभ्याउभ्याच भोवळ येऊन तो पडला. तपासणीत नाडी मिनिटाला 40 च्या आसपास आढळली आणि चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रात जागेपणीही साडेचार सेकंदांपर्यंत ठोका न पडल्याचे दिसले. थायरॉइड, पोटॅशियम आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांत काही दोष निघाला नाही. नाडी मंद करणारे कोणतेही औषध तो घेत नाही आणि तो खेळाडूही नाही. डॉक्टरांनी ‘सिक सायनस सिंड्रोम’, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोड या हृदयातील केंद्राचा विकार, असे निदान करून पेसमेकर बसवण्याचा सल्ला दिला आहे, आणि त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही.

मला विचारायचे आहे ते त्यापुढचे. आमचे थोरले काका 41 व्या वर्षी रात्री झोपेतच गेले. हृदयविकाराचा झटका आला असे तेव्हा सर्वांनी धरून चालले आणि शवविच्छेदन झाले नाही. आत्याला 46 व्या वर्षी पेसमेकर बसवावा लागला. वडील 68 वर्षांचे आहेत आणि त्यांना कसलाही त्रास नाही. या तिन्ही गोष्टी एकाच घरात निव्वळ योगायोगाने घडल्या असतील का? हृदयाच्या तालाचे जे आनुवंशिक विकार सांगितले जातात, त्यांत सायनस नोडही बिघडतो का? तसे असेल तर पेसमेकर बसवून विषय संपतो का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाची तपासणी करावी का? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आम्हाला डॉक्टरांशी नीट बोलता येईल.

तालवाही

मी हृदयाच्या विद्युत्-विकारांच्या विभागात काम करतो. आपल्या भावाला न तपासता निदान करता येणार नाही, परंतु आपण मांडलेला संबंध खरोखरच अस्तित्वात आहे आणि आपण तो वेळेवर विचारला आहे, हे आधी सांगतो.

सायनस नोडचा विकार बहुतांश रुग्णांत उतारवयातच दिसतो. वयानुसार त्या भागातील पेशी कमी होतात, त्यांची जागा तंतुमय ऊतक घेते आणि ठोका सुरू होण्याचे काम मंदावते. बाकीच्या अनेक रुग्णांत बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल, डिगॉक्सिन किंवा लिथियम यांसारखी औषधे, थायरॉइडची कमतरता, झोपेत श्वास अडण्याचा विकार किंवा हृदयावरील पूर्वीची शस्त्रक्रिया कारणीभूत ठरते. चौतिसाव्या वर्षी, यांपैकी काहीही नसताना आणि हृदयाची रचना इकोमध्ये निर्दोष असताना सायनस नोड थांबत असेल, तर जनुकीय कारणाचा विचार यादीत बराच वर आणला पाहिजे. त्यात घरात झोपेत झालेला मृत्यू आणि पन्नाशीच्या आत बसलेला पेसमेकर असेल, तर तो विचार टाळणे मला योग्य वाटत नाही.

हे कसे घडते ते थोडे समजून घ्यावे लागेल. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या उजवीकडील वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागात, ऊर्ध्व महाशीर जिथे मिळते तिथे असलेला हा सूक्ष्म पेशीसमूह कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 साली वर्णिला. त्याच्या पेशी स्वतःहून ठोका निर्माण करतात, कारण त्यांच्या आवरणातील काही चॅनेलांतून विद्युत्-भारित कण ठरावीक क्रमाने आत-बाहेर जात असतात. त्यांतील एचसीएन-4 हा चॅनेल ठोक्यांमधल्या काळात पेशीला हळूहळू पुढच्या ठोक्याकडे नेतो, कॅल्शियमचे चॅनेल प्रत्यक्ष ठोका उठवतात, आणि पेशीच्या आतल्या साठ्यातून रायनोडिन रिसेप्टरमार्गे सुटणारे कॅल्शियमही त्या गतीला हातभार लावते. सोडियमचा चॅनेल नोडच्या मध्यभागी फारसा नसतो, पण त्याच्या कडेला असतो, आणि तयार झालेला ठोका नोडमधून बाहेर पडून अलिंदात पसरण्यासाठी तो लागतो. यांपैकी बहुतेक चॅनेल आणि प्रथिने हृदयाच्या इतर भागांतही कामावर असतात. म्हणून एकाच जनुकातील बदल नोडला मंद करू शकतो आणि त्याच वेळी निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, धोकादायक ताल निर्माण होण्याची जागाही तयार करू शकतो. आपल्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

सर्वांत महत्त्वाचे जनुक एससीएन-5-ए, म्हणजे सोडियम चॅनेलचे. त्याचे काम कमी झाले तर ब्रुगाडा सिंड्रोम (ईसीजीवर विशिष्ट चिन्ह दिसणारा आणि निलयातून घातक ताल उठू शकणारा विकार), हृदयातील वहनमार्गाचा, म्हणजे ठोका पसरवणाऱ्या मार्गाचा, वाढत जाणारा अडथळा आणि सायनस नोडचा विकार हे तिन्ही उद्भवू शकतात. त्याचे काम नको तितके लांबले तर लाँग क्यूटी सिंड्रोमचा, म्हणजे निलयाचा ठोका उठून पूर्ववत होण्याचा काळ (ईसीजीवरील ‘क्यूटी’) लांबणाऱ्या विकाराचा, तिसरा प्रकार होतो. हे वेगवेगळे कप्पे नेहमी वेगळे राहत नाहीत. नेदरलँड्समधील एका मोठ्या घराण्यात अनेक पिढ्यांत माणसे रात्री झोपेत दगावत होती. 1999 साली बेझिना आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या घराण्यात सोडियम चॅनेलमध्ये फक्त एक अमिनो आम्ल जास्तीचे शिरले होते, आणि त्या एका बदलामुळे लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा या दोन्ही विकारांची चिन्हे त्या कुटुंबीयांच्या ईसीजीमध्ये दिसत होती. त्यांपैकी अनेकांची नाडीही मंद होती. पुढे 2001 साली त्याच घराण्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे सुचवले गेले की त्यांचे रात्रीचे मृत्यू हृदय अतिमंद होऊन थांबल्यामुळे झाले असावेत, कारण ज्यांना पेसमेकर बसवले होते त्यांच्यापैकी कोणीही त्या पाठपुराव्याच्या काळात अकस्मात दगावले नाही. लाँग क्यूटीच्या या प्रकारात नाडी मंद होते तेव्हा क्यूटीचा काळ आणखी लांबतो, त्यामुळे रात्रीची वेळ विशेष नाजूक असते. आपल्या काकांचे झोपेत जाणे वाचून मला हे घराणे आठवले. तरीही यावरून आपल्या घरी तेच आहे असा अर्थ कृपया काढू नये.

याच जनुकाचा आणखी एक प्रकार मुलांमध्ये दिसतो. आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली, तर लहानपणीच सायनस नोड निकामी होतो, हे 2003 मध्ये बेन्सन आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांच्या अभ्यासातून मांडले. अशा मुलांचे आईवडील बहुधा लक्षणविरहित असतात.

एचसीएन-4 मुळे होणारा संथपणा त्या मानाने अनेकदा सौम्य असतो. 2006 साली इटलीतील एका कुटुंबाचे वर्णन आले, ज्यात नाडी पिढ्यान्‌पिढ्या मंद होती, पण बहुतेकांना त्रास नव्हता. मात्र याच जनुकाच्या काही बदलांत डाव्या निलयाची भित्तिका स्पंजासारखी सच्छिद्र राहते किंवा महाधमनी रुंदावते, म्हणून तिथेही इको नीट पाहून करावा लागतो.

दोन विकारांबद्दल मात्र मी आग्रहाने लिहितो, कारण त्यांत संथ नाडी ही दिशाभूल करते. पहिला सीपीव्हीटी, ज्यात धावताना, पोहताना किंवा तीव्र भावनेच्या क्षणी निलयातून वेगवान ताल सुटतो आणि मूल बेशुद्ध पडते. रायनोडिन रिसेप्टरचा दोष असलेल्या अशा मुलांची विश्रांतीतली नाडी वयाच्या मानाने मंद असल्याचे अनेकदा आढळते, आणि विश्रांतीतला ईसीजी त्याखेरीज अगदी निर्दोष असू शकतो. ट्रेडमिल चाचणी केल्याशिवाय हा विकार सहसा सापडत नाही. दुसरा लॅमिन ए/सी या जनुकाचा, ज्यात तरुण वयात नोड आणि वहनमार्ग बिघडतात, अलिंद-कंपन (अलिंदाचे अनियमित थरथरणे) सुरू होते आणि काही वर्षांनी हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. इथे नुसता पेसमेकर अनेकदा अपुरा पडतो, कारण निलयातील घातक तालापासून पेसमेकर वाचवू शकत नाही. त्यासाठी झटका देणारे आयसीडी यंत्र लागते. म्हणूनच ‘पेसमेकर बसवून विषय संपतो का’ याचे उत्तर कारणावर अवलंबून आहे.

व्यवहारात एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. पेसमेकर बसण्याआधीचे सर्व ईसीजी, होल्टरचा संपूर्ण अहवाल आणि छातीच्या वरच्या बरगड्यांमधील जागांत इलेक्ट्रोड लावून काढलेला ईसीजी जपून ठेवा. निलयाला यंत्राकडून ठोका मिळू लागला की क्यूटी आणि ब्रुगाडाची चिन्हे वाचणे कठीण होते. हृदयाचा एमआरआय करायचा विचार असेल तर तोही आधी करून घेतलेला बरा, कारण यंत्रामुळे नंतरच्या चित्रांत अडथळा येतो. सोडियम चॅनेल रोखणारे औषध देऊन ब्रुगाडाची चाचणी करतात, पण सायनस नोड आधीच थांबत असेल तर त्या चाचणीत हृदय दीर्घकाळ थांबू शकते. ती फक्त तात्पुरत्या पेसिंगची सोय असलेल्या ठिकाणी आणि तज्ज्ञाच्या निर्णयानेच व्हावी.

वैनगंगा

तालवाही यांनी लिहिलेल्या गोष्टींतला एक भाग आमच्या घरी प्रत्यक्ष घडला, म्हणून लिहिते. माझ्या यजमानांची नाडी कित्येक वर्षे मंद होती आणि मधूनच अलिंद-कंपन होत असे. सायनस नोडचा विकार एवढ्यावरच उपचार चालले होते. डेंग्यूच्या तापात दाखल असताना काढलेल्या ईसीजीमध्ये ब्रुगाडाचे चिन्ह उमटले. ताप उतरल्यावर ते नाहीसे झाले. त्या रात्री कामावर असलेल्या निवासी डॉक्टरांनी ती पट्टी बाजूला काढून वरिष्ठांना दाखवली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. त्यानंतर दिरांची आणि पुतण्याची तपासणी झाली आणि पुतण्यातही तेच आढळले.

आमच्या घरी आता ताप अंगावर काढत नाहीत. थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल प्रवासातही बरोबर असते, आणि ताप वाढू लागला तर ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जातो. वर्ज्य औषधांची यादी पाकिटात ठेवली आहे. दंतवैद्याकडे किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ती दाखवतो, कारण भूल देण्याची काही औषधे आणि नैराश्यावरील काही जुनी औषधे या विकारात टाळावी लागतात. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणायची नाही, हा नियम मुलांनीही पाठ केला आहे.

कोयनाकाठ यांना माझे सांगणे इतकेच की काकांच्या मृत्यूबद्दल घरातल्या मोठ्यांना पुन्हा एकदा शांतपणे विचारा. आमच्या सासूबाईंना आपल्या माहेरच्या दोन मृत्यूंचा उल्लेख कधी महत्त्वाचा वाटलाच नव्हता. डॉक्टरांनी थेट विचारले तेव्हाच ते बोलण्यात आले.

बीजांकुर

मी जनुकीय समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. वैनगंगाताईंचा शेवटचा मुद्दा पुढे नेतो.

वंशावळ काढताना ‘घरात कुणाला हृदयविकार होता का’ असे विचारले की बहुधा ‘नाही’ असे उत्तर येते. म्हणून प्रश्न वेगळे विचारावे लागतात. पन्नाशीच्या आत कोणी झोपेत किंवा अचानक गेले का? पट्टीचा पोहणारा माणूस विहिरीत किंवा नदीत बुडाला का? मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवताना कारण न कळता अपघात झाला का? कुणाला फेफरे येतात असे समजून औषधे चालू होती, पण मेंदूच्या तपासण्या निर्दोष होत्या, असे आहे का? तान्हे मूल अचानक दगावले का? कुणी जन्मतः कर्णबधिर आहे का? शेवटचा प्रश्न पुष्कळांना असंबद्ध वाटतो, परंतु तो अतिशय महत्त्वाचा आहे. 1957 साली नॉर्वेतील एका कुटुंबात वर्णिलेल्या जर्वेल-लांगे-नील्सन विकारात जन्मजात बहिरेपणाबरोबर क्यूटी लांबलेला असतो. 2011 साली पाकिस्तानातील काही कुटुंबांत एक निराळाच विकार सापडला, ज्यात कॅल्शियमच्या एका चॅनेलच्या दोषामुळे बहिरेपणा आणि सायनस नोडचा संथपणा एकत्र येतात. कानाच्या आतील पेशींना आणि सायनस नोडला तोच चॅनेल लागतो, हे त्यामागचे कारण. दोन्ही विकारांत दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात, म्हणून ते नात्यात लग्न झालेल्या घरांत अधिक दिसतात. महाराष्ट्रातही अनेक समाजांत मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न होते, त्यामुळे जन्मतः कर्णबधिर असलेल्या प्रत्येक मुलाचा एक ईसीजी काढावा असे मला कळकळीने वाटते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या यंत्रासाठी) भूल देण्यापूर्वी तर तो काढलाच पाहिजे.

आपल्या घरी मात्र चित्र वेगळे दिसते. काका, आत्या आणि पुढच्या पिढीतील भाऊ बाधित आहेत, आणि मधले वडील निरोगी आहेत. एक सदोष प्रत पुरेशी असलेल्या वारशाशी हे जुळते. त्यात प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, पण दोष असलेल्या प्रत्येकात विकार प्रकट होतोच असे नाही. वडील निरोगी असूनही त्यांच्याकडून तो पुढे गेला असेल, असे मानायला जागा आहे. आइसलँडमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमवायएच-6 या जनुकाचा एक दुर्मीळ बदल आढळला होता. तो असलेल्यांपैकी सुमारे 50% लोकांना आयुष्यभरात सायनस नोडचा विकार होतो असा अंदाज तेथे मांडला आहे, तर इतरांत तो धोका सुमारे 6% आहे. म्हणजे प्रबळ जनुकीय कारण असूनही निम्मे लोक त्यातून सुटतात.

जनुकीय तपासणीची सुरुवात नेहमी ज्याच्यात विकार स्पष्ट आहे त्याच्यापासून, म्हणजे आपल्या भावापासून किंवा आत्यापासून करावी. आधी आपल्या मुलाचे रक्त पाठवले आणि अहवाल निर्दोष आला, तर त्याचा काहीच अर्थ लावता येत नाही, कारण घरात कोणता बदल शोधायचा हेच ठाऊक नसते. भावात निश्चित रोगकारक बदल सापडला, तर मग वडील, आपण, आणि आपल्यात असेल तर आपला मुलगा, अशा क्रमाने फक्त तोच एक बदल तपासता येतो. त्याचा खर्चही कमी येतो आणि उत्तर हो किंवा नाही असे स्पष्ट मिळते. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या 2021 च्या पेसिंगविषयक मार्गदर्शक सूचनांतही पन्नाशीच्या आत वहनमार्गाचा वाढता विकार दिसल्यास जनुकीय तपासणीचा विचार करावा असे म्हटले आहे.

अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येण्याची तयारी मात्र ठेवावी. भारतीय लोकसंख्येतील नमुने जागतिक जनुकीय माहितीसंचांत तुलनेने कमी असल्याने आपल्याकडे हा शेरा वारंवार येतो. त्याच्या आधारावर कुणालाही बाधित किंवा निर्धोक ठरवू नये आणि नातेवाइकांची त्या बदलासाठी तपासणी करून निर्णय घेऊ नयेत. अहवाल पूर्ण निर्दोष आला तरी आनुवंशिकता नाकारली जात नाही, कारण सर्व जनुके अजून माहीत झालेली नाहीत. अशा वेळी नातेवाइकांची ईसीजीवर आधारित तपासणी चालू ठेवावी लागते.

कोयनाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. आईकडे चौकशी केली तेव्हा कळले की काकांना तरुणपणी एकदोनदा झोपेत घोरल्यासारखा विचित्र आवाज होऊन अंग ताठ झाले होते, आणि फेफरे म्हणून काही काळ गोळ्याही दिल्या होत्या. भावाचा चार वर्षांपूर्वीचा, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतला ईसीजी सापडला आहे. त्यावर यंत्राने क्यूटी वाढल्याचे छापले आहे, पण तेव्हा कुणी त्याकडे पाहिले नाही. पेसमेकरची तारीख पुढच्या आठवड्यातील आहे. जनुकीय अहवाल येईपर्यंत ती पुढे ढकलावी का? आणि माझा मुलगा पोहायला जातो, तोपर्यंत ते चालू ठेवावे का?

तालवाही

पेसमेकर पुढे ढकलू नका. जागेपणी साडेचार सेकंद ठोका पडत नाही आणि माणूस भोवळ येऊन पडतो, तेव्हा जनुकीय अहवालासाठी आठवडेच्या आठवडे थांबणे धोक्याचे आहे. थांबायचे नाही, पण त्या आठवड्यातच भावाला हृदयतालाच्या तज्ज्ञाकडे जुन्या ईसीजीसह न्यावे आणि आईंनी सांगितलेली काकांची हकिगत शब्दशः सांगावी. यंत्राने छापलेला क्यूटीचा आकडा मंद नाडीत चुकीचा असू शकतो, म्हणून तो हाताने मोजून घेण्याची विनंती करा. तो खरोखर लांबलेला निघाला, तर पेसमेकर की आयसीडी हा निर्णय त्याच भेटीत बदलू शकतो. पेसमेकरच ठरला तरी त्याची किमान गती किती ठेवायची, हेही बदलू शकते. रक्ताचा नमुना शस्त्रक्रियेपूर्वी घेऊन पाठवता येतो.

औषधांच्या याद्यांबद्दल एक खुलासा करतो. वैनगंगाताईंनी सांगितलेली यादी ब्रुगाडाची आहे. लाँग क्यूटीची यादी निराळी आहे, आणि तिच्यात आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी औषधे येतात. उदाहरणार्थ अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन, आणि आम्लपित्तासाठी पँटोप्राझोलबरोबर मिळणारे डोमपेरिडोन. निदान होईपर्यंत भाऊ, आत्या, वडील, आपण आणि मुलगा यांपैकी कुणालाही औषध लिहून घ्यायचे असेल तर दोन्ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला. जुलाब-उलट्या झाल्या तर पोटॅशियम कमी होऊन धोका वाढतो, म्हणून त्या अंगावर काढू नका.

मुलाचे पोहणे तूर्त थांबवा. त्याचा ईसीजी याच आठवड्यात होऊ शकतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाची ट्रेडमिल चाचणीही बालहृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करता येते. क्यूटी हाताने मोजून योग्य निघाला आणि श्रमाच्या काळात निलयातून जादा ठोके उठले नाहीत, तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा मोठा माणूस पाण्यात सोबत असेल अशा रीतीने पोहणे पुन्हा सुरू करण्याबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा. वडिलांचा आणि आपला ईसीजीही त्याच दिवशी, वरच्या बरगड्यांमधील जागांसह काढून घ्या. भावाच्या अहवालातून निश्चित बदल सापडला नाही, तर मुलाचा ईसीजी पौगंडावस्था संपेपर्यंत ठरावीक काळाने पुन्हा काढावा लागेल, कारण यांतील काही विकारांची चिन्हे वय वाढल्यावरच उमटतात.